सिस्टिनोसिस: सात डॉक्टरांपैकी कोणाला सोडू?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मुलगी साडेचार वर्षांची आहे, सिस्टिनोसिसचं (सिस्टीन नावाचा पदार्थ पेशींत साचत जाणारा जन्मजात आजार) निदान होऊन दोन वर्षं झाली. किडनी, डोळे, हार्मोन, हाडं, पोट, आहार आणि जेनेटिक्स अशा सात ठिकाणी खेपा चालू आहेत. क्रिएटिनिन, म्हणजे किडनीचं काम सांगणारा रक्तातला आकडा, चांगलं आहे. मग यातले कोणते डॉक्टर सोडले तर चालेल, असं तुम्ही विचारलंय. आणि पुढे हेही, की शेवटी किडनी बदलायचीच असेल तर आत्ता एवढा आटापिटा कशासाठी. मी लहान मुलांच्या किडनीची डॉक्टर आहे आणि ही मुलं बरीच वर्षं पाहते आहे. लाख-दोन लाख जन्मांमागे एखाद्याला होणारा आजार हा, त्यामुळे 'बरीच वर्षं' म्हणजे 'बरीच मुलं' नव्हेत, एवढं लक्षात ठेवून पुढचं वाचा.

मूळ प्रश्नाकडे वळण्याआधी एक गोष्ट. शेवटी कंसात तुम्ही एक वाक्य लिहिलंय, 'धाकटा चार महिन्यांचा आहे, तो ठणठणीत आहे.' त्या कंसाचं उत्तर आधी देते. हा आजार झालेली बाळंही जन्मतः ठणठणीतच असतात. वजन छान, दूध पिणं छान. सतत तहान, ढीगभर लघवी, उलट्या, बद्धकोष्ठ, वजन न वाढणं हे सगळं साधारण सहा महिन्यांनंतर दिसायला लागतं. आईवडील दोघेही वाहक असले, म्हणजे स्वतःला आजार नसून त्याचं जनुक बाळगून असले, की प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार असण्याची शक्यता चारात एक असते. पहिल्या मुलीला झाला म्हणून दुसऱ्याला सूट मिळत नाही. चार महिन्यांच्या बाळाचे डोळे तपासून तर काहीच कळणार नाही, कारण बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यातले (कॉर्नियातले) सिस्टीनचे स्फटिक दिसायला वर्ष-दीड वर्ष जातं. हा आजार ज्या जनुकातल्या दोषाने होतो त्या सीटीएनएस जनुकातले मुलीचे नेमके दोष तुमच्या रिपोर्टमध्ये असतील, तेच बाळात शोधायचे, किंवा त्याच्या पांढऱ्या पेशींतलं सिस्टीन मोजायचं. आजार असेल तर किडनीच्या नलिकांची हानी व्हायच्या आत औषध सुरू करण्याची संधी आहे. मुलीच्या वेळी ती तुम्हाला मिळाली नव्हती. या तपासणीची चिठ्ठी याच आठवड्यात घ्या. बाकीचं उत्तर त्यानंतर वाचलंत तरी चालेल.

आता तुमचा प्रश्न. तुम्ही डॉक्टर मोजताय, पण मला अडचण वेगळीच दिसते. हे सात जण एकमेकांशी बोलत नाहीत आणि त्यांच्यातल्या टपालवाल्याचं काम तुमच्यावर येऊन पडलंय. एकाने काय लिहिलं ते दुसऱ्याला तोंडी सांगायचं, तिसऱ्याची फाइल चौथ्याकडे न्यायची आणि दोघांचं जमत नसेल तर निर्णयही तुम्हीच घ्यायचा. माणूस दमणारच. सातातले तीन कमी केले तरी हे टपाल थांबणार नाही.

मुळात सात जण का लागतात, ते थोडक्यात सांगते. आपल्या प्रत्येक पेशीत कचरा मोडीत काढणारी छोटी पिशवी असते, तिला लायसोसोम म्हणतात. प्रथिनं मोडली की त्यातून सिस्टीन सुटतं आणि एका ठराविक दारातून बाहेर पडतं. तुमच्या मुलीत ते दारच नीट बनलेलं नाही. सिस्टीन आत साचतं आणि त्याचे स्फटिक होतात. हे शरीरभर चालू असतं. किडनीच्या नलिका नाजूक आणि सतत राबणाऱ्या, म्हणून पहिली तक्रार त्यांची येते, एवढंच. तेवढ्यावरून आपण याला 'किडनीचा आजार' म्हणून मोकळे होतो, आणि मग 'किडनी तर चांगली आहे, डोळे-थायरॉइड कशाला' हा प्रश्न पडतो. (जाता जाता: सिस्टिन्युरिया हा वेगळा आजार, त्यात लघवीत सिस्टीनचे खडे होतात. नावं इतकी सारखी आहेत की डॉक्टरांच्या कागदावरसुद्धा घोटाळा झालेला मी पाहिला आहे. तुमच्या फाइलवर काय लिहिलंय ते एकदा तपासा.)

आमच्याकडे नव्या मुलाची पहिली भेट औषधांच्या पिशवीपासून सुरू होते. कागद नंतर. आईला सांगते, घरातलं प्रत्येक औषध टेबलावर काढून ठेवा आणि काल पहाटेपासून रात्रीपर्यंत कोणतं कधी दिलंत ते सांगा. एकदा असंच टेबल भरलं आणि त्यात फॉस्फेटच्या दोन बाटल्या निघाल्या. कंपन्या वेगळ्या, नावं वेगळी. एक किडनीवाल्यांची, एक हाडांच्या डॉक्टरांची. आई बिचारी दोन्ही इमानाने देत होती. इतक्या फॉस्फेटने मुलाला जुलाब लागले होते, आणि ते थांबवायला पोटाच्या डॉक्टरांनी तिसरं औषध सुरू केलं होतं. जुलाबांतून पोटॅशियम जात होतं, म्हणून आमच्याकडून पोटॅशियम वाढवलं गेलं होतं. एकेक चिठ्ठी वेगळी वाचली तर प्रत्येक बरोबर होती. टेबलावर चारही शेजारी आल्या तेव्हा कुठे गोष्ट कळली. एक बाटली बंद केली आणि तीन औषधं कमी झाली.

असे घोटाळे ठरलेले असतात. फॉस्फेट आणि कॅल्शियम एकाच वेळी दिलं की पोटात दोघं एकमेकांना धरून बसतात आणि दोन्ही वाया जातात. सिस्टियामिन हे या आजाराचं मुख्य औषध; त्याच्या बारा तास चालणाऱ्या कॅप्सूलबरोबर बायकार्ब (रक्तातलं आम्ल उतरवणारा क्षार) दिलं तर कॅप्सूलमधल्या दाण्यांचं आवरण वेळेआधीच विरघळू शकतं, म्हणून त्यात किमान तासाभराचं अंतर लागतं. लघवी कमी व्हावी म्हणून एकाने इंडोमेथासिन दिलं आणि प्रथिनं जातात म्हणून दुसऱ्याने एनालाप्रिलसारखं औषध जोडलं, तर दोन्ही मिळून किडनीला खड्ड्यात घालू शकतात. हे पकडायला फार हुशारी लागत नाही. सगळी औषधं एकाच माणसाच्या डोळ्यांखाली असावी लागतात.

आता माझी स्वतःची चूक सांगते, कारण तुमच्या मुलीच्या बाबतीत ती कोणाकडून व्हायला नको. तीन वर्षांचं मूल, जेवण अजिबात जात नव्हतं, म्हणून पोटात नळी बसवायचं ठरलं. ऑपरेशन सकाळी पहिलं. रात्री बारानंतर तोंडाने काही नाही, नेहमीचा नियम. सकाळी एक तातडीची केस आली, आमचा नंबर मागे गेला, नऊचे अकरा झाले, अकराचे साडेबारा. वॉर्डातली सिस्टर मधूनमधून डायपर बघत होती आणि दर वेळी चार्टवर लिहीत होती, लघवी भरपूर. कोणत्याही दुसऱ्या मुलात ही दिलासा देणारी नोंद ठरली असती. या मुलांच्या नलिकांना पाणी धरून ठेवता येत नाही. मूल आतून कोरडं पडलं तरी डायपर ओलाच राहतो, आणि त्यातून पोटॅशियम, बायकार्ब, फॉस्फेटही वाहून जात असतं. मी वर गेले तेव्हा मूल आईच्या खांद्यावर मान टाकून होतं, उचलून बसवलं तर मान सावरत नव्हतं. पोटॅशियम धोक्याइतकं खाली होतं. ऑपरेशन रद्द झालं, दोन दिवसांत मूल सावरलं. उपाशी ठेवायचं असेल तर पहिल्या तासापासून सलाईन लावायचं, हे मला माहीत होतं. ते माझ्या डोक्यात होतं, वॉर्डातल्या कागदावर नव्हतं.

तेव्हापासून आमच्या प्रत्येक मुलाच्या दप्तरात एक पानी पत्र असतं. तुमच्या डॉक्टरांकडून तसंच मागून घ्या. वर आजाराचं नाव, ठळक. मग सरळ वाक्यं: लघवी होते आहे म्हणजे शरीरात पाणी पुरेसं आहे असं समजू नये. पाणी कधीही अडवू नये, रात्रीसुद्धा. उलट्या, जुलाब किंवा ताप असेल तर वजन करावं आणि रक्तातले क्षार लगेच तपासावेत. तोंडाने बंद असेल तर सलाईन ताबडतोब, आणि त्यात काय किती घालायचं ते रक्त पाहून. लघवीत साखर दिसेल, पण रक्तातली साखर पाहिल्याशिवाय मधुमेह म्हणू नये. खाली चालू औषधं, मात्रा, नेहमीचं वजन आणि एक फोन नंबर. रात्री ड्यूटीवर असलेल्या नव्या डॉक्टरने हा आजार आयुष्यात पाहिलेला नसणार, हे धरूनच पत्र लिहायचं. घरी चांगला वजनकाटा ठेवा. आजारपणात दर काही तासांनी केलेलं वजन डायपरपेक्षा खरं बोलतं.

सिस्टियामिनबद्दल तुम्ही फारसं लिहिलं नाहीत, आणि मला तर सगळ्यात आधी तेच विचारावंसं वाटतं. बाकीची औषधं लघवीतून गेलेलं भरून काढतात. पेशीत साचलेलं सिस्टीन बाहेर काढणारं औषध हे एकच. पेशींतलं सिस्टीन त्याने उतरतं हे 1976 मध्ये दिसलं, अमेरिकेत त्याला 1994 मध्ये मान्यता मिळाली, आणि बारा तासांची कॅप्सूल 2013 मध्ये आली. साधं सिस्टियामिन दर सहा तासांनी द्यावं लागतं, मध्यरात्रीचा डोस धरून. तो डोस चुकला की पहाटेपर्यंत सिस्टीन परत साचायला लागतं. औषधाला गंधकासारखा वास येतो, तोंडाला आणि घामालाही येतो, पोटात जळजळतं, उलटी होते. म्हणून मात्रा आठवड्या-आठवड्याने चढवायची असते. घाईने चढवली की मूल ओकतं, आई घाबरून कमी करते, आणि मग ती कमी मात्राच वर्षानुवर्षं चालू राहते. मुलीचं वजन दोन वर्षांत वाढलं असेल तर औषध त्या मानाने वाढलंय का, ते बघा.

मात्रा पुरेशी आहे का हे कळतं पांढऱ्या पेशींतल्या सिस्टीनवरून. साधारण लक्ष्य असतं एक मिलिग्रॅम प्रथिनामागे 1 नॅनोमोल हाफ-सिस्टीनच्या खाली. यात दोन खाचखळगे आहेत. काही प्रयोगशाळा हाफ-सिस्टीन सांगतात, काही पूर्ण सिस्टीन, आणि दोन्हींचे आकडे एकमेकांच्या दुप्पट-निमपट असतात. शिवाय कोणत्या पेशी घेतल्या, त्यावरही आकडा हलतो. त्यामुळे तपासणी शक्यतो एकाच प्रयोगशाळेत करा. दुसरं म्हणजे वेळ. साध्या औषधावर रक्त पुढचा डोस द्यायच्या जरा आधी घेतात, बारा तासांच्या कॅप्सूलसाठी वेळ वेगळी. आधीचा डोस किती वाजता दिला हे नमुन्याबरोबर लिहिलेलं नसेल तर तो रिपोर्ट मी बाजूला ठेवते. दूरवरून येऊन, मुलाला टोचून काढलेलं रक्त एका न लिहिलेल्या वेळेपायी फुकट जातं.

'क्रिएटिनिन चांगलं आहे' यावरही थोडं. क्रिएटिनिन स्नायूंतून येतं, आणि या मुलांचे स्नायू बारीक असतात. त्यामुळे आकडा दिसतो त्यापेक्षा किडनीचं काम कमी असू शकतं. डॉक्टरांना सिस्टॅटिन-सी (किडनीचं काम सांगणारी, पण स्नायूंवर फारशी न अवलंबणारी रक्ततपासणी) करायचं का ते विचारा, आणि एका आकड्याऐवजी दोन वर्षांचे आकडे ओळीने लिहून बघा. आणखी एक फसवी खूण आहे, ती पुढे कधीतरी दिसेल. लघवी कमी होते, पोटॅशियम-फॉस्फेट कमी लागायला लागतं, घरात सगळ्यांना हायसं वाटतं. पुष्कळदा ते किडनीचं काम उतरत चालल्याचं लक्षण असतं. लघवीतून वाहून जायलाच कमी उरतं. त्या वळणावर जुनीच मात्रा चालू राहिली तर तेच पोटॅशियम अंगात साचून धोका करतं. म्हणून औषध कमी लागतंय असं दिसलं की बातमी आनंदाची आहे असं मानून महिनाभर थांबू नका, रक्त तपासून घ्या.

उंचीचा विषय तुम्ही हार्मोनच्या डॉक्टरांच्या संदर्भात काढलाय. इथे प्रश्न क्रमाचा आहे. आधी रक्तातलं आम्ल आणि फॉस्फेट जागेवर यायला हवं, पोटात पुरेसं अन्न जायला हवं, सिस्टीन उतरायला हवं, थायरॉइड पाहिलेलं हवं. हे सगळं होऊनही उंची अडली असेल तर ग्रोथ हार्मोन, आणि त्याचा या मुलांना चांगला उपयोग होतो. रक्तात आम्ल साचलेलं असताना तेच इंजेक्शन दिलं तर मुलाला रोज टोचण्यापलीकडे फारसं काही पदरात पडत नाही. पायांचंही तेच. वाकलेले पाय ऑपरेशनने सरळ करायचे असतील तर आधी मुडदूस बरा व्हायला हवा. मऊ हाडावर केलेलं काम पुन्हा वाकतं. हार्मोन आणि हाडांच्या डॉक्टरांना या क्रमात आपण कुठे आहोत हे कळायला हवं, आणि ते आहारतज्ज्ञ आणि किडनीवाल्यांनी सांगायचं असतं. तुम्ही नव्हे.

डोळ्यांचं उत्तर लहान आहे: ते सोडू नका. बुबुळावरच्या त्या पारदर्शक पडद्यात रक्तवाहिन्या नसतात, त्यामुळे पोटातून दिलेलं सिस्टियामिन तिथे पोचत नाही. थेंब वेगळे घालावे लागतात. साधे थेंब जागेपणी दर तासाला, जेलसारखे दाट थेंब दिवसातून चारदा. कोणते मिळतात त्यावर तुमचा दिवस कसा जाईल ते ठरेल. उन्हात डोळे मिटून घेणारं मूल हट्टी नसतं, त्याला खरंच टोचत असतं.

आता ट्रान्सप्लांट. औषध नसण्याच्या काळात ही मुलं साधारण दहाव्या वर्षाच्या आसपास किडनी गमावत. लवकर आणि नेटाने सिस्टियामिन दिलं की ती वेळ बरीच पुढे जाते. किती पुढे, हे औषध कधी सुरू झालं आणि किती सांभाळलं यावर अवलंबून. पुढे किडनी बसवायची वेळ आली तरी नव्या किडनीत हा आजार परत उभा राहत नाही, कारण तिच्या पेशींतली दारं शाबूत असतात. वाहक असलेल्या आईवडिलांचीही किडनी चालू शकते. पण बाकी शरीर तेच राहतं. स्नायू, गिळण्याच्या नळ्या, स्वादुपिंड, थायरॉइड यांच्यात सिस्टीन साचतच राहतं. ट्रान्सप्लांट झालं म्हणून सिस्टियामिन सोडलेल्या मोठ्या रुग्णांत पुढे हातांचे स्नायू झिजणं, घास अडकणं, छातीच्या स्नायूंची ताकद जाऊन श्वास अपुरा पडणं, मधुमेह, हे दिसतं. आत्ताच्या आटापिट्याचा मोठा भाग त्यासाठी आहे. मोठी झाल्यावर तिला मूलबाळही होऊ शकतं. मात्र सिस्टियामिन गर्भाला घातक ठरण्याची भीती असते, म्हणून ते आधी ठरवून थांबवावं लागतं. आज एवढं कानावर असू द्या.

मग सातांपैकी कोणाला सोडायचं? तुमच्या गावापासून ही सगळी माणसं किती दूर आहेत, एका छपराखाली आहेत की नाहीत, यावर बरंच अवलंबून आहे. तरी मी तुमच्या जागी असते तर असं केलं असतं. जेनेटिक्सचं काम झालंय. धाकट्याची तपासणी उरकली की मुलगी मोठी होईपर्यंत तिथे जायचं कारण उरत नाही. रक्तातलं फॉस्फेट आणि अल्कलाइन फॉस्फटेज (मुडदूस असेल तर वाढणारा आकडा) आटोक्यात असेल, पायांची वाकण वाढत नसेल, तर हाडांच्या डॉक्टरांकडे वर्षातून एकदा पुरे. पोटाचे डॉक्टर आणि आहारतज्ज्ञ यांच्याकडे एकाच दिवशी, शक्यतो किडनीच्या भेटीलाच जोडून. डोळे आणि हार्मोन सहा महिन्यांनी, तब्येत ठीक असेल तर. सध्या महिन्यातून तीनदा चालणाऱ्या खेपा यातून तीन महिन्यांतून दोनवर येऊ शकतात. एक माणूस मात्र मी यादीत घालेन: समुपदेशक. दिवसाला दहा-बारा वेळा तोंडात औषध घालणाऱ्या आईला आणि वासावरून शाळेत चिडवल्या जाणाऱ्या मुलीला, दोघींनाही. किशोरवयात औषध सोडण्याची सुरुवात बहुधा त्या वासापासून होते.

आणि एक कॅप्टन ठरवा. तो किडनीचाच डॉक्टर असला पाहिजे असं नाही. एका मुलाचा कॅप्टन आमच्यापासून खूप दूरचे त्याचे नेहमीचे बालरोगतज्ज्ञ होते, आणि आमच्यापेक्षा जास्त शिस्तीने त्यांनी ते काम केलं. बाकी कोणीही औषध सुरू केलं, बंद केलं, मात्रा बदलली की कागदाची प्रत त्यांच्याकडे गेलीच पाहिजे, आणि पिशवी दर तीन महिन्यांनी त्यांच्याच टेबलावर रिकामी व्हायची. कॅप्टन कोण हे कळायला पुढच्या भेटींत सातही जणांना एकच प्रश्न विचारा: रात्री दोनला हिला उलट्या सुरू झाल्या तर मी फोन कोणाला करू? जो नंबर लिहून देईल त्याच्याशी पुढचं बोला.

धाकट्याचा रिपोर्ट आला की कळवा. आजार निघाला तर इतक्या लहान बाळात औषध सुरू करण्याची पद्धत वेगळी असते, ती तेव्हा सविस्तर लिहीन.